बिडीचा पैसा, धानाचा हिशेब आणि शाळेची वाट : गोंदिया जिल्ह्यातील व्यवसायपूर्व शिक्षणाचा इतिहास

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्यामुळे येथील माध्यमिक शाळांमधून मुलांना व्यापारधंद्यासाठी किंवा नोकरीसाठी तयार करण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचा इतिहास बव्हंशी जुन्या भंडारा जिल्ह्याचा आणि त्याही मागे गेल्यास ब्रिटिशकालीन मध्य प्रांताचा इतिहास आहे. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव या आठ तालुक्यांत धान हे मुख्य पीक, भातगिरण्या आणि बिडी हे मुख्य उद्योग, आणि तेंदूपाने, मोहफुले, डिंक हे उन्हाळ्यात हाती चार पैसे आणणारे वनोपज, अशी अर्थव्यवस्थेची घडण विसाव्या शतकात बनत गेली. या घडणीच्या पार्श्वभूमीवर येथील शाळांचा इतिहास पाहिला असता एक विसंगती ठळकपणे पुढे येते : ज्या धंद्यांना शाळेत शिकलेल्या मुलांची फारशी गरज नव्हती त्याच धंद्यांच्या पैशातून येथील शाळा मोठ्या प्रमाणावर उभ्या राहिल्या, आणि त्या शाळांनी त्या धंद्यांपैकी एकही वर्गात शिकवला नाही. शिक्षणतज्ज्ञांनी याला अभ्यासक्रमाचा दोष म्हटले आहे; परंतु मुलाला शाळेत घालणाऱ्या आईबापांच्या बाजूने पाहिले तर तो हेतूच होता असे म्हणावे लागते.

शाळेच्या आधी धंद्याचे शिक्षण गादीवर होत असे. १८८० च्या दशकात नागपूरहून पूर्वेकडे राजनांदगावपर्यंत मीटरमापी लोहमार्ग गेला, १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल–नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन रुंद केला, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून उत्तरेला नैनपूरमार्गे जबलपूरकडे व दक्षिणेला नागभीडकडे अरुंदमापी फाटे निघाले, तेव्हा कामठ्यासारख्या जमीनदारीच्या गावांच्या शेजारचे हे साधे खेडे जंक्शन झाले. धानाची पोती, लाकूड आणि वनोपज भरण्याचे ठिकाण म्हणून येथे गुजराती, कच्छी आणि मारवाडी व्यापाऱ्यांच्या पेढ्या आल्या. या पेढ्यांवर मुनीम, म्हणजे हिशेब व व्यवहार दोन्ही सांभाळणारा कारभारी, सर्वेसर्वा असे, आणि मुनीम होण्याची तयारी म्हणजे दहा-बारा वर्षांच्या वयात गादीवर बसणे, पाणी देणे, निरोप नेणे, आवक-जावक मोजणे आणि हळूहळू वहीला हात लावण्याइतका विश्वास मिळवणे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवाई, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ असणे ही त्याची पहिली परीक्षा होती, कारण मण-शेर-छटाक आणि रुपये-आणे-पै या दोन्ही मापांत मांडलेला भाव कागदाला पेन न लावता सांगता येणे हीच खरी हुशारी समजली जाई.

वही उघडल्यावर दिसणाऱ्या मांडणीचे स्वरूप थोडे तपशिलाने सांगणे आवश्यक आहे, कारण पुढे शाळेत आलेल्या वाणिज्य विषयाशी तिचा थेट विरोध होता. लाल कापडात शिवलेल्या लांब वहीच्या पानावर रेघा आखलेल्या नसत. पान दुमडून पाडलेल्या घड्या, म्हणजे सळ, हेच तिचे रकाने. डाव्या अर्ध्या पानाला जमा आणि उजव्या अर्ध्या पानाला नावे, असा संकेत असे. पहिल्या सळात रक्कम आणि पुढच्या सळांत तपशील लिहिला जाई. रोज संध्याकाळी रोकड, म्हणजे दिवसाची रोख नोंद, जुळवली जाई आणि तिच्यावरून एकेका असामीच्या खात्यात खतावणी होई. दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वही बदलली जाई. लुका पाचोलीने १४९४ मध्ये व्हेनिसमध्ये छापलेल्या पुस्तकातून युरोपभर पसरलेल्या द्विनोंदी पद्धतीत खात्याची नावे बाजू डावीकडे आणि जमा बाजू उजवीकडे असते. म्हणजे गादीवर वाढलेल्या मुलाने पुढे हायस्कुलात बुककीपिंग घेतले, तर त्याला घरात शिकलेली खात्याची मांडणी डावी-उजवी बदलून पुन्हा शिकावी लागे; आणि वर्गातील पद्धत गिरवून आलेला मुलगा गादीवर बसला, तर मुनीम त्याच्या हाती वही देत नसे. दोन्ही पद्धतींचा गाभा एकच आहे हे समजावून सांगणारा शिक्षक असता तर ही अडचण दोन दिवसांत सुटली असती. परंतु शाळा आणि पेढी यांच्यात तसा दुवा कधी निर्माणच झाला नाही.

सरकारी पातळीवर या प्रश्नाची जाणीव मात्र जुनी आहे. १८८२ च्या हंटर आयोगाने हायस्कूलच्या वरच्या वर्गांचे दोन फाटे करावेत, एक विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेकडे जाणारा आणि दुसरा व्यापार व अन्य व्यावहारिक कामांसाठी मुले तयार करणारा, अशी शिफारस केली होती. ती कागदावर राहिली. मुंबईत सोहराब दावर यांनी १९०० मध्ये वाणिज्याचे महाविद्यालय काढले आणि १९१३ मध्ये सिडनहॅम महाविद्यालय निघाले, तरी मध्य प्रांताच्या भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात इंग्रजी शाळेत जाण्याचा अर्थ कचेरी, रेल्वे किंवा शाळामास्तरकी एवढाच राहिला. मालगुजार, म्हणजे सरकारात गावाचा सारा भरण्याची जबाबदारी असलेला गावमालक, आपल्या मुलाला वकील करण्यासाठी नागपूरला पाठवी. कुणब्या-पोवाराच्या, कोहळ्याच्या मुलाला चौथी किंवा सातवी पुरेशी मानली जाई. आणि गोंड मुलाच्या वाट्याला शाळा क्वचितच येई.

या व्यवस्थेला सर्वांत गंभीर आव्हान दिले ते गोंदियापासून फार दूर नसलेल्या वर्ध्याने. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण ही कल्पना मांडली, झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम केला, आणि त्याच सुमारास मध्य प्रांताच्या काँग्रेस मंत्रिमंडळात शिक्षण खाते सांभाळणारे रविशंकर शुक्ल यांनी ‘विद्यामंदिर’ योजना पुढे आणली. दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर गावातली शाळा चालावी, असे तिचे सूत्र होते. शाळेच्या या नावावरच मुस्लिम लीगने आक्षेप घेतल्यामुळे तिची चर्चा शिक्षणापेक्षा राजकारणातच अधिक झाली. नई तालीम म्हणून ओळखल्या गेलेल्या वर्धा योजनेत सूतकताई, विणकाम, सुतारकाम, शेती असे मूलोद्योग सुचवलेले होते. पूर्व विदर्भाच्या संदर्भात ही यादी वाचताना एक गोष्ट खटकल्याशिवाय राहत नाही. या भागात घरोघरी, बायकामुलांसह चालणारा आणि रोज रोख मजुरी देणारा हस्तोद्योग एकच होता, आणि तो बिडी वळण्याचा. तंबाखूला शाळेत जागा देणे गांधीवाद्यांना शक्य नव्हते, आणि ते योग्यही झाले नसते. परंतु त्यामुळे हस्तोद्योगातून शिक्षण ही कल्पना येथील मुलांच्या हातांत खरोखर असलेल्या कामापासून पहिल्याच दिवशी तुटली.

वर्ध्यातूनच दुसरा, कमी गाजलेला पण अधिक टिकलेला प्रवाह निघाला. जमनालाल बजाज यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या शिक्षा मंडळाने १९४० मध्ये वर्धा येथे गोविंदराम सेकसरिया वाणिज्य महाविद्यालय सुरू केले आणि १९४५ मध्ये नागपूरला त्याचे दुसरे महाविद्यालय निघाले. वाणिज्य हा विषय इंग्रजीऐवजी देशी भाषेतून शिकवता येतो, हे या संस्थेने दाखवून दिले. हायस्कुलांना वाणिज्याचे शिक्षक हवे असतील तर ते नागपूर विद्यापीठाच्या अशाच पदवीधरांमधून मिळणार होते, त्यामुळे गोंदिया-भंडाऱ्याच्या शाळांत हा विषय येण्याची पूर्वतयारी म्हणून या घटनेकडे पाहणे उचित ठरेल.

स्वातंत्र्यानंतर हा प्रदेश आधी मध्य प्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात, असा चार वर्षांच्या आत दोनदा राज्य बदलता झाला. हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा असलेल्या राज्यातून तो मराठी राजभाषा असलेल्या राज्यात आला, आणि पाठ्यपुस्तके, परीक्षा मंडळ, नोकरीचे अर्ज ज्या शहरांकडे पाठवायचे ती शहरे, सारेच बदलले. याच काळात, १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळांची शिफारस केली होती. मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, कृषी, ललितकला आणि गृहविज्ञान अशा सात गटांपैकी एक गट मुलाने आपल्या कलाप्रमाणे घ्यावा, असा तिचा आशय होता. सात गटांसाठी सात प्रकारचे शिक्षक आणि कार्यशाळा लागतात, आणि तालुक्याच्या गावी एकच हायस्कूल असलेल्या भागात मुलाचा कल शाळेत उपलब्ध असलेल्या गटाकडेच वळतो.

गोंदियाच्या शैक्षणिक इतिहासातील निर्णायक घटना याच काळात घडली, आणि ती आयोगाने किंवा सरकारने घडवलेली नव्हती. १८९९-१९०० च्या छप्पनिया दुष्काळानंतर गुजरातेतून मध्य प्रांतात आलेल्या कुटुंबांनी जबलपूर ते गोंदिया या पट्ट्यात बिडीचा धंदा वाढवला होता. जंगलात तेंदूपाने, गावात स्वस्त मजूर आणि दारात रेल्वे, असा तिहेरी योग त्यांना येथे मिळाला. गुजराती नॅशनल हायस्कूलसारखे नाव आजही या वसाहतीची साक्ष देते. या बिडी उद्योजकांपैकी मनोहरभाई पटेल यांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली. १९६० च्या दशकात ते गोंदियाचे आमदार होते, आणि त्या काळात संस्थेने तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात खेडोपाडी हायस्कुले काढली, गोंदियात धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय आणि कला व वाणिज्य शाखांचे नटवरलाल मणिकलाल दलाल महाविद्यालय उभे केले. ९ फेब्रुवारी या त्यांच्या जन्मदिनी गुणवंत विद्यार्थ्यांना सुवर्णपदके देण्याची प्रथा अद्याप चालू आहे. आमगावच्या भवभूती शिक्षण संस्थेसारख्या इतर संस्थांनीही याच पोकळीत काम केले. परंतु भांडवल, राजकीय वजन आणि शाळांची संख्या या तिन्ही बाबतींत गोंदिया शिक्षण संस्थेची बरोबरी जिल्ह्यात कोणालाच साधली नाही.

बिडीच्या नफ्यातून निघालेल्या शाळेत बिडी वळणाऱ्याची मुलगी येऊन बसली, तेव्हा तिच्या घरी काय चालले होते हे पाहिल्याशिवाय त्या शाळेचा अर्थ कळत नाही. बिडी कारखाना हा शब्द फसवा आहे. बहुतेक काम घरातच होई. मांडीवरच्या सुपात ओलसर तेंदूपाने, तंबाखू, सुताचे रीळ, कात्री आणि पान कापायचा पत्र्याचा नमुना घेऊन बाई बसे, आणि शाळेतून आलेली मुले बिडीचे तोंड बंद करून, जुड्या बांधून हातभार लावीत. सट्टेदार, म्हणजे कारखानदार आणि मजूर यांच्यामधला मध्यस्थ, पाने व तंबाखू वजनावर देई आणि हजार बिड्यांच्या हिशेबाने मजुरी देई. त्यातून छाट, म्हणजे नापास ठरवून बाजूला काढलेल्या बिड्या, वजा होत. या हिशेबात किती पानांतून किती बिड्या निघायला हव्यात, छाट किती आणि भविष्यनिर्वाह निधीची कपात किती, हे सारे गणित होते आणि ते नेहमी समोरच्याच्या वहीत होई. शाळेने हे गणित शिकवले असते तर आईबापांना त्याचा तत्काळ उपयोग झाला असता. परंतु आईबापांना शाळेकडून हवे होते ते नेमके उलटे : मुलाने पुन्हा सुपाजवळ बसू नये. १९६६ चा बिडी व सिगार कामगार कायदा आणि १९७६ चा बिडी कामगार कल्याण निधी कायदा यांनी ही इच्छा सरकारी योजनेत उतरवली. बिडीवरच उपकर बसवून त्यातून बिडी कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती दिली जाऊ लागली, आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू होऊन तो उपकर रद्द होईपर्यंत हीच व्यवस्था होती. प्रत्येक बिडीमागे एक सूक्ष्म अंश मुलाला बिडीपासून दूर नेण्यासाठी खर्च होत होता, असे याचे वर्णन करता येईल.

शिकलेल्या मुलाला गावात मिळणारे काम तेंदूच्या हंगामाचे होते. १९६९ च्या कायद्याने महाराष्ट्रात तेंदूपानांचा व्यापार सरकारी नियंत्रणात आला, आणि उन्हाळ्यात गावोगावच्या फडांवर, म्हणजे पाने मोजून घेण्याच्या ठिकाणी, लिहिता-वाचता येणारा फडीमुन्शी नेमला जाऊ लागला. सत्तर पानांचा पुडा, हजार पुड्यांचे एक प्रमाण पोते, मजुराच्या कार्डावर रोजची नोंद आणि हंगामाअखेर एकूण, एवढे त्याचे काम. दहावी पास किंवा नापास तरुणाला काही आठवड्यांपुरते मिळणारे हे कारकुनी काम जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात, विशेषतः देवरी, सालेकसा व अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत, व्यवसायपूर्व अनुभवाच्या सर्वांत जवळचे होते. कोणत्याही शिक्षण खात्याने त्याला तसे नाव मात्र दिले नाही.

शिक्षण खात्याचे स्वतःचे प्रयोग वेगळ्याच दिशेने चालले होते. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक होते, १९८६ पर्यंत दहावीनंतरच्या विद्यार्थ्यांपैकी निम्मे व्यवसाय शिक्षणात असावेत अशी अपेक्षा केली आणि शाळेत कार्यानुभव हा विषय सुचवला. महाराष्ट्रात नव्या दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये आणि बारावीची १९७७ मध्ये झाली. ईश्वरभाई पटेल समितीने १९७७ मध्ये ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असे कार्यानुभवाचे नवे बारसे केले, आणि बहुतेक शाळांत त्याची परिणती खडू, मेणबत्त्या, कागदी फुले आणि वर्षअखेरीस भरवलेल्या एका प्रदर्शनात झाली. अकरावी-बारावीच्या वाणिज्य शाखेत पुस्तपालन व लेखाकर्म, वाणिज्य संघटन व व्यवस्थापन आणि चिटणिसाची कार्यपद्धती हे विषय आले. यांपैकी शेवटचा विषय फार बोलका आहे : त्यात कंपनी चिटणिसाने भागधारकांना व ऋणपत्रधारकांना लिहायच्या पत्रांचे नमुने असतात, आणि गोरेगाव किंवा सडक अर्जुनीच्या मुलाने शेअर बाजारातली कंपनी पाहण्याआधी तिच्या भागवाटपाचे पत्र पाठ केलेले असते.

१९७८-७९ मध्ये राज्याने द्विलक्ष्यी अभ्यासक्रम सुरू केले. द्विलक्ष्यी म्हणजे विद्यापीठ आणि रोजगार ही दोन्ही लक्ष्ये ठेवून, नेहमीच्या शाखेतच दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांच्या बदल्यात दोनशे गुणांचा एक व्यवसाय विषय घेण्याची सोय. विद्युत देखभाल, पीकशास्त्र, पशुविज्ञान व दुग्धव्यवसाय, बँकिंग, कार्यालय व्यवस्थापन, विपणन व विक्रीकला अशी त्याची यादी होती. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने १९९० पर्यंत दहा टक्के व १९९५ पर्यंत पंचवीस टक्के विद्यार्थी व्यवसाय शिक्षणाकडे वळवण्याचे उद्दिष्ट ठरवले, त्यासाठी केंद्राची योजना आली, आणि १९८८-८९ पासून महाराष्ट्रात ‘किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम’ चालू झाले, ज्यांना विद्यार्थी आणि शिक्षक आजही इंग्रजी आद्याक्षरांनी ‘एमसीव्हीसी’ म्हणतात. तांत्रिक, वाणिज्य, कृषी, मत्स्य, अर्धवैद्यकीय आणि गृहविज्ञान अशा सहा गटांत विभागलेल्या या अभ्यासक्रमात भाषांच्या जोडीला एक सामान्य पायाभूत विषय, तीन व्यवसाय पेपर आणि बाहेरच्या आस्थापनेत प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण होते. १९८६ मध्ये शिकाऊ उमेदवार कायद्यात दुरुस्ती होऊन या विद्यार्थ्यांना शिकाऊ उमेदवारी करण्याचा हक्क मिळाला, आणि तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाचीही सोय झाली.

रचना म्हणून हा अभ्यासक्रम आधीच्या कोणत्याही प्रयोगापेक्षा चांगला होता. तरीही विज्ञान किंवा वाणिज्य शाखेत प्रवेश न मिळालेल्यांची शाखा ही त्याची ओळख पुसली गेली नाही, आणि याचा दोष केवळ पालकांच्या मानसिकतेवर टाकणे अन्यायाचे होईल. प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण देण्यासाठी जवळपास आस्थापना लागतात. गोंदिया शहरात भातगिरण्या, गॅरेजे, बँका होत्या; शहरापासून दूरच्या गावात ‘विपणन व विक्रीकला’ शिकणाऱ्याला आठवडी बाजाराखेरीज दुसरे काय उपलब्ध होते? १९९२ च्या कृती कार्यक्रमाने पंचवीस टक्क्यांचे उद्दिष्ट गुपचूप २००० सालावर ढकलले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२५ पर्यंत किमान पन्नास टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा परिचय व्हावा असे म्हटले आहे, आणि त्याच धोरणात १९ ते २४ या वयोगटातील भारतीय कामगारांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेले पाच टक्क्यांहूनही कमी असल्याचे, तर जर्मनीत हे प्रमाण ७५ टक्के आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के असल्याचे नमूद आहे. १९६६ पासूनची ही उद्दिष्टे एकाखाली एक लिहून काढली तर टक्के पन्नासवरून पंचवीसवर येऊन पुन्हा पन्नासवर जातात, आणि साल मात्र पुढेच सरकत राहते.

सरकारी योजना अशा रखडत असताना, कोणत्याही आयोगाने न सुचवलेला एक अभ्यासक्रम तालुक्यातालुक्यात भरभराटीला आला होता, तो टंकलेखनाचा. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. त्यानंतर राज्याच्या कचेऱ्यांत मराठी टंकलेखकांची मागणी वाढली, आणि लिपिक-टंकलेखक पदासाठी मिनिटाला मराठी तीस किंवा इंग्रजी चाळीस शब्दांच्या वेगाचे शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र हा दहावीच्या गुणपत्रिकेइतकाच महत्त्वाचा कागद ठरला. दहावीची परीक्षा संपली की सुट्टीत टायपिंग लावायचे, हा मध्यमवर्गीय घराचा जणू नियम झाला. मुख्य रस्त्यावरच्या दुकानाच्या माडीवर डझनभर यंत्रे, तासातासाच्या तुकड्या, फळकुटावर टाचलेला कळफलकाचा तक्ता आणि दुसऱ्या हाताची रेमिंग्टन किंवा गोदरेजची यंत्रे, एवढ्या भांडवलावर संस्था चाले. गोदरेजने १९५५ मध्ये पहिले भारतीय टंकलेखन यंत्र बनवले होते, आणि त्याची देवनागरी आवृत्ती शिकणे हे बोटांच्या सवयीचे मोठे काम होते. रेमिंग्टन धर्तीच्या कळफलकावर ख, घ, ण, थ, ध, भ, श ही अक्षरे अर्धीच असतात आणि उभी रेघ देऊन ती पुरी करावी लागतात. काना म्हणजेही तीच रेघ. त्यामुळे ‘धान’ हा या जिल्ह्याचा सर्वांत नित्याचा शब्द टंकताना अर्धा ध, मग रेघ, मग पुन्हा तीच रेघ आणि मग न, असे चार ठोके पडतात, आणि घाईत एक रेघ गाळली की वाचणाऱ्यापुढे ‘धन’ येते. वेगाचा उतारा, पत्र आणि तक्ता अशा परीक्षेत तक्त्याला सर्वाधिक उमेदवार घाबरत, कारण रकान्यांची जागा आधी मोजून ठरवावी लागे. मुनिमाच्या सळांची ही यंत्रावरची आवृत्ती होती.

टंकलेखन यशस्वी का झाले, याचे उत्तर अवघड नाही. शुल्क परवडण्याजोगे होते, कालावधी सहा महिन्यांचा होता, परीक्षा शाळेबाहेरच्या मंडळाची असल्यामुळे प्रमाणपत्राबद्दल शंका घेतली जात नसे, आणि मुलींना घरून त्यासाठी परवानगी मिळत असे. जाहिरातीत अट असे आणि अट पुरी करणारा कागद मिळे. मागणी आणि प्रशिक्षण यांचा असा सरळ मेळ द्विलक्ष्यी किंवा किमान कौशल्याच्या अभ्यासक्रमांना कधीच घालता आला नाही. १९९९ मध्ये गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाल्यावर जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि त्यांच्याभोवतीची अनेक कार्यालये भंडाऱ्याहून निराळी होऊन येथे उभी राहिली, तेव्हा टंकलेखनातून सरकारी नोकरी मिळण्याच्या आशेला आणखी बळ मिळाले. परंतु तोवर संगणक आला होता. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन होऊन एमएस-सीआयटी हा पायाभूत संगणक अभ्यासक्रम गावोगावी गेला आणि सरकारी नोकरीच्या अटीत टंकलेखनाच्या शेजारी जाऊन बसला. पुढच्या दशकात यंत्रावरची परीक्षा हळूहळू संपून संगणक टंकलेखनाची परीक्षा सुरू झाली.

यानंतरच्या सरकारी प्रयत्नांत वेग आहे, खोली कमी आहे. २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली गेली. तिचा निकाल हाती आल्यावर त्या कलाचा अभ्यासक्रम जवळ कोठे आहे, या प्रश्नाचे उत्तर देवरीच्या आश्रमशाळेतल्या मुलीसाठी आणि पुण्यातल्या मुलीसाठी सारखे नव्हते. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याखाली नववीपासून किरकोळ विक्री, वाहन दुरुस्ती, आरोग्यसेवा, सौंदर्यप्रसाधन यांसारखे विषय शाळांत आले. दुसरीकडे जिल्ह्याची अर्थव्यवस्थाही बदलली आहे : तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प आला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या बिरसीच्या धावपट्टीवर वैमानिक प्रशिक्षण संस्था निघाली, २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. या तिन्ही ठिकाणी शिरण्याचा रस्ता विज्ञान शाखेतून किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून जातो, त्यामुळे वाणिज्य आणि व्यवसाय अभ्यासक्रमांची प्रतिष्ठा त्यांनी वाढवलेली नाही.

भातगिरणीचा हिशेब मात्र अद्याप शाळेच्या बाहेरच शिकला जातो. पणन महासंघ आणि आदिवासी विकास महामंडळ आधारभूत किमतीने धान खरेदी करतात आणि ते भरडाईसाठी, म्हणजे सरकारी धानाचा तांदूळ करून परत देण्यासाठी, गिरणीमालकांकडे सोपवतात. क्विंटलभर धानामागे साधा तांदूळ ६७ किलो आणि उसना, म्हणजे धान उकडून वाळवून काढलेला, ६८ किलो परत द्यायचा असतो. ओलावा, कणीचे प्रमाण, बारदान, वाहतूक आणि बँक हमी यांचे हिशेब त्याला जोडलेले असतात, आणि कोंडा व भूस यांची विक्री गिरणीच्या खात्यात वेगळी पडते. हे काम आज संगणकावर होते. ते करणारा तरुण बहुधा वाणिज्य शाखेचा पदवीधर असतो, टॅलीचे प्रशिक्षण त्याने खासगी वर्गात घेतलेले असते, आणि भरडाईची रीत त्याला गिरणीतल्या जुन्या दिवाणजीने पहिल्या हंगामात शेजारी बसवून दाखवलेली असते.